‘प्लांट’ या इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ : शब्दार्थाचा एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी)

इंग्रजीच्या तासाला पाठातील नवे शब्द फळ्यावर लिहावेत, प्रत्येकासमोर बरोबरीचे चिन्ह काढून एकेक मराठी शब्द मांडावा आणि मुलांनी ते वहीत उतरवून पाठ करावेत, ही पद्धत प्राथमिक शाळांतून फार दिवसांपासून रूढ आहे. आरंभी ती सोयीची वाटते. ‘काऊ’ म्हणजे गाय, ‘डोअर’ म्हणजे दार, येथवर तिच्याने काम भागते. परंतु जे शब्द रोजच्या बोलण्यात वारंवार येतात व म्हणून सर्वांत सोपे भासतात, त्यांच्याच बाबतीत ही पद्धत सर्वांत आधी अपुरी पडते. जो शब्द अधिक वापरला जातो, त्याला अर्थही अधिक फुटतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तीतील सर्वांत लांब नोंद एखाद्या पंडिती शब्दाची नसून, इंग्रजीत अवघ्या तीन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या ‘सेट’ या क्रियापदाची होती. साध्या शब्दांचे अर्थ शिकवणे हेच भाषाशिक्षकाचे अवघड काम होय, हे यावरून ध्यानात यावे.

प्रस्तुत पाठासाठी ‘प्लांट’ हा शब्द निवडला आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास असलेल्या शाळांना हा शब्द जितका जवळचा आहे, तितका अन्यत्र क्वचितच असेल.

प्रश्न कोठे उद्भवतो

पुढील प्रसंग अशा कोणत्याही शाळेत घडण्यासारखा आहे. गुरुजी विचारतात, “प्लांट म्हणजे काय?” वर्गातील बहुतेक मुले “झाड”, “रोप”, “वनस्पती” अशी उत्तरे देतात. मागील बाकावरचा एक मुलगा म्हणतो, “प्लांट म्हणजे कारखाना.” वर्ग हसतो. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीत ‘वनस्पती’ एवढाच अर्थ दिलेला असतो. गुरुजी मान हलवून पुढच्या मुलाकडे वळतात आणि तो मुलगा खाली बसतो.

त्या मुलाचे वडील रोज सकाळी डबा घेऊन औद्योगिक वसाहतीत जातात. “आज प्लांट बंद आहे”, “रात्रपाळीला प्लांटवर जायचे आहे”, अशी वाक्ये घरात त्याने शेकडो वेळा ऐकलेली आहेत. वर्गातील इतर मुलांनी तो शब्द पुस्तकातून घेतला आणि याने जगण्यातून घेतला. त्याचे उत्तर चूक नव्हते. ते दुसऱ्या एका वाक्याचे बरोबर उत्तर होते. शाळेने ते चूक ठरवले, तर त्या मुलाच्या मनात दोन गोष्टी घर करून बसतात. घरी बोलला जाणारा शब्द शाळेत खोटा ठरतो, ही एक. आणि पुन्हा आपण होऊन उत्तर द्यावयाचे नाही, ही दुसरी. यांपैकी दुसरी अधिक हानिकारक आहे. कामगारांची, त्यांतही परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुले वर्गात आधीच संकोचाने बसतात. त्यांना बोलते करण्याची एक संधी त्यामुळे वाया जाते.

म्हणून या पाठाचा हेतू केवळ एका शब्दाचे पाच-सहा अर्थ सांगणे एवढाच नाही. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो व एका शब्दाचे निरनिराळे अर्थ एकाच मुळातून फुटलेले असतात, ही दृष्टी मुलांना देणे हा या पाठाचा खरा हेतू आहे.

परिसराची पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी जालना हा तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा भाग होता. व्यापारी पेठ म्हणून त्याची ख्याती जुनीच आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे. राज्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदाही अस्तित्वात आल्या. पुढे महामंडळाने जालन्यात जी वसाहत उभारली, तीच आज सर्वांच्या तोंडी ‘एमआयडीसी’ या नावाने आहे.

जालन्याची आज मुख्यतः दोन उद्योगांसाठी ओळख आहे. पहिला बियाण्यांचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, अर्थात ‘महिको’, स्थापन केली. दर्जेदार बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या कार्यासाठी त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरा उद्योग पोलादाचा. भंगार व स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवतात. त्या रसाचे लांबट ठोकळे ओततात, ते तापलेले असतानाच रुळांतून दाबून त्यांच्या सळया काढतात आणि त्यांवर पाण्याचा जोरदार मारा करतात. त्यामुळे सळईचे बाहेरचे कवच कठीण होते व आतील गाभा लवचीक राहतो. घरबांधणीत वापरल्या जाणाऱ्या या सळया ‘टीएमटी बार’ या नावाने ओळखल्या जातात.

या दोन्ही उद्योगांत ‘प्लांट’ हा शब्द चालतो. पोलादाच्या कामावरचा माणूस ‘प्लांट’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भट्टी, रूळ व यारी असते. बियाण्यांच्या शेतावर काम करणारा ‘प्लांट’ म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर कपाशीचे किंवा भेंडीचे झाड असते. परंतु तोच मनुष्य शेतातून गोदामाकडे आला, की जेथे बियाणे निवडतात, चाळतात, त्याला औषध चोळतात व पिशव्यांत भरतात, त्या जागेलाही ‘सीड प्रोसेसिंग प्लांट’ असेच म्हणतो. त्या प्लांटमध्ये एकही प्लांट उगवत नाही! हा विनोद मुलांना सांगितला, तर धड्यातील निम्मा भाग त्यांना हसत हसत समजेल.

शब्दाचे मूळ (शिक्षकांच्या माहितीसाठी)

‘प्लांट’ हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत फार प्राचीन काळी आला. लॅटिनमध्ये ‘प्लांता’ या शब्दाने लावण्यासाठी घेतलेले रोप किंवा फांदी असा अर्थ व्यक्त होई. त्याच रूपाच्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘पायाचा तळवा’ असा होता. रोप खड्ड्यात ठेवून भोवतालची माती तळव्याने दाबतात, त्यावरून हे दोन अर्थ एकमेकांशी जोडले गेले असावेत, असे व्युत्पत्तिशास्त्र जाणणारे मानतात. शेतकऱ्याच्या मुलाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. रोप लावून झाल्यावर पायाने माती दाबताना त्याने वडीलधाऱ्यांना पाहिलेले असते.

‘जमिनीत पक्के बसवणे’ ही या शब्दातील मूळ कल्पना ध्यानात ठेवली, की पुढील सर्व अर्थ तीतून कसे निघाले ते दिसू लागते.

जे जमिनीत लावले, ते रोप. त्यावरून झाड, वनस्पती. लावण्याची क्रिया म्हणजे ‘टू प्लांट’. ज्या जागी एकच पीक मोठ्या प्रमाणावर लावले, ती ‘प्लँटेशन’, म्हणजे चहाचा किंवा रबराचा मळा. सतराव्या शतकात इंग्रज ‘प्लँटेशन’ हाच शब्द परक्या भूमीत वसवलेल्या माणसांच्या वसाहतीलाही लावीत. कारण त्यांच्या दृष्टीने तेथे माणसेच लावलेली होती. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्रयुगाचा आरंभ झाला. तेव्हा एखाद्या उद्योगासाठी एका जागी पक्की बसवलेली यंत्रे, पाया व इमारती यांनाही ‘प्लांट’ म्हणू लागले. यंत्र जमिनीत रोवले, म्हणून ते ‘प्लांट’. कारखान्याला झाडाचे नाव चुकून पडलेले नाही, हे यावरून स्पष्ट होते.

एका जागचे रोप उपटून दुसरीकडे लावणे ते ‘ट्रान्सप्लांट’. कांद्याचे व मिरचीचे रोप असेच वाफ्यातून काढून शेतात लावतात. डॉक्टर एका देहातील मूत्रपिंड दुसऱ्या देहात बसवतात, तेव्हाही हाच शब्द वापरतात. एखादी वस्तू दुसऱ्याच्या नकळत त्याच्या सामानात ठेवून त्याला दोषी ठरवण्याचा कट रचला, तर त्यालाही ‘प्लांट करणे’ म्हणतात. येथेही ‘ठेवणे’ आहेच, फक्त हेतू दुष्ट आहे.

मराठीतील दाखले

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. इंग्रजी ही विचित्र भाषा आहे, तिच्यात एका शब्दाचे दहा अर्थ होतात, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ही तक्रार योग्य नाही. मराठीतही हेच घडलेले आहे आणि मुले ते अर्थ कोणी न शिकवता बोलत असतात.

संस्कृत ‘रुह्’ या धातूचा अर्थ उगवणे, वर चढणे असा आहे. त्याच्या प्रयोजक रूपापासून ‘रोपण’ आले. रोप, रोपवाटिका, वृक्षारोपण हे शब्द त्याच कुळातील होत. मूत्रपिंडाच्या ‘ट्रान्सप्लांट’ला मराठीत ‘प्रत्यारोपण’ म्हणतात. त्यातही तेच रोपण आहे. दुसऱ्याच्या माथी दोष ठेवणे याला ‘आरोप’ म्हणतात; त्यातही तेच आहे. ‘रोवणे’ हे क्रियापदही याच वंशातले. मेढ रोवतात, झेंडा रोवतात आणि कुस्तीत पहिलवान पाय रोवून उभा राहतो. इंग्रजीतही पाय घट्ट रोवण्याला आणि झेंडा रोवण्याला ‘प्लांट’ हेच क्रियापद योजतात. दोन दूरच्या भाषांनी एकाच शेतकामातून जवळजवळ सारखेच अर्थ काढले आहेत. माणसाने सर्वत्र शेती केली आणि सर्वत्र तिच्यातूनच उपमा घेतल्या, हेच याचे कारण होय.

मात्र एक भेदही ध्यानात घ्यावा. इंग्रज एकाच ‘प्लांट’वर जेथे भागवतो, तेथे मराठी शेतकरी बारकाईने बोलतो. ज्वारी पेरतात, सरकी टोकतात, मोसंबीचे कलम लावतात व खांब रोवतात. म्हणून इंग्रजी वाक्याचे मराठी करताना काय लावले जात आहे ते आधी पाहावे लागते. शत्रूच्या वाटेवर सुरुंग लावले, तर मराठीत ते ‘पेरले’ असे म्हणतात, आणि हेतुतः पसरवलेल्या बातमीलाही ‘पेरलेली बातमी’ म्हणतात. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘प्लांट’ येतो.

कारखान्याच्या अर्थाचीही हीच स्थिती आहे. ‘शुगर प्लांट’ला मराठीत साखर कारखाना म्हणतात. परळीच्या ‘पॉवर प्लांट’ला मात्र कोणी वीज कारखाना म्हणत नाही, ते औष्णिक विद्युत केंद्र. पाणी शुद्ध करण्याचे तेही केंद्रच. गोठ्यामागील ‘बायोगॅस प्लांट’ हे गोबरगॅस संयंत्र. इंग्रजीत एक शब्द आणि मराठीत कारखाना, केंद्र, संयंत्र असे तीन. तेव्हा ‘प्लांट म्हणजे वनस्पती’ हे समीकरण जितके अपुरे, तितकेच ‘प्लांट म्हणजे कारखाना’ हेही अपुरे आहे.

पाठाचे टाचण

*साहित्य :* कुंडीतील एक रोप, टीएमटी सळईचा हातभर तुकडा (टोके घासून बोथट केलेला), बियाण्याची रिकामी पिशवी.

*पूर्वज्ञान :* पाठाला मराठीपासून आरंभ करावा. ‘लावणे’ हे क्रियापद फळ्यावर लिहून मुलांकडून वाक्ये घ्यावीत. झाड लावले, दिवा लावला, दार लावले, मलम लावले, लळा लावला, शिस्त लावली, पैज लावली, नंबर लावला. दहा-बारा वाक्ये सहज निघतील. मग विचारावे, “या सर्व वाक्यांत लावणे म्हणजे काय, हे एकाच शब्दात सांगता येईल का?” येणार नाही. “मग दार लावले म्हणजे दाराला खतपाणी घातले, असे कोणाला वाटले का?” वर्ग हसेल. “का वाटले नाही?” या प्रश्नाचे उत्तर मुलांकडूनच काढावे. शेजारचा शब्द ‘दार’ होता म्हणून. एवढे उत्तर मिळाले, की पाठाचा पाया घातला गेला.

*हेतुकथन :* “इंग्रजीतही असाच एक शब्द आहे. तो शेतात सापडतो आणि एमआयडीसीच्या फाटकावरही सापडतो. आज तो शोधावयाचा आहे.”

*विषय-प्रतिपादन :* पुढील वाक्ये इंग्रजी लिपीत एकाखाली एक फळ्यावर लिहावीत. प्रत्येक वाक्यानंतर थांबून, ‘प्लांट’ या शब्दाचा अर्थ कोणत्या शेजारी शब्दाने ठरवला, हे मुलांकडून अधोरेखित करून घ्यावे.

१. धिस प्लांट हॅज येलो फ्लॉवर्स. (येथे ‘फ्लॉवर्स’ या शब्दाने अर्थ ठरतो.)

२. वी प्लांट कॉटन इन जून. (‘वी’ हा कर्ता व ‘कॉटन’ हे कर्म. शब्द येथे क्रियापद झाला आहे.)

३. माय फादर वर्क्स इन अ स्टील प्लांट. (‘वर्क्स’ व ‘स्टील’.)

४. अवर व्हिलेज हॅज अ बायोगॅस प्लांट. (‘बायोगॅस’.)

५. द रेसलर प्लांट्स हिज फीट. (‘फीट’. येथे मुलांना ‘पाय रोवणे’ आठवू द्यावे.)

६. ही प्लांटेड द स्टोलन पेन इन अनदर बॉइज बॅग. (‘स्टोलन’. चोरीचे पेन दुसऱ्याच्या दप्तरात.)

तिसरे वाक्य आले की ज्या मुलांचे पालक कारखान्यात काम करतात, त्यांना बोलू द्यावे. प्लांटमध्ये काय असते, पाळ्या किती, भट्टीजवळ जाताना डोक्यावर व डोळ्यांवर काय घालतात, हे त्यांनी सांगावे व इतरांनी ऐकावे. या पाच मिनिटांत ते मूल वर्गाचा शिक्षक होते. त्याचप्रमाणे दुसऱ्या वाक्याच्या वेळी शेतकऱ्यांच्या मुलांनी कपाशीच्या लागवडीचे वर्णन करावे. दोघांचेही ज्ञान एकाच शब्दात सामावते, हे वर्गाला प्रत्यक्ष दिसावे.

*तुलना :* सहा वाक्ये झाल्यावर सातवे वाक्य लिहावे.

७. द प्लांट नीड्स वॉटर.

“येथे प्लांट म्हणजे काय?” मुले “झाड” म्हणतील. मग सळईचा तुकडा वर धरून विचारावे, “ही सळई कठीण कशाने झाली?” पाण्याच्या माऱ्याने. म्हणजे पोलादाच्या प्लांटलाही पाणी लागते. हे वाक्य एकटे असेल, तर त्याचा अर्थ ठरत नाही. पुढचे किंवा मागचे वाक्य पाहावे लागते. त्यापाठोपाठ ‘इट्स लीव्ह्ज आर ड्राय’ असे लिहिले की अर्थ एका क्षणात पक्का होतो. ‘द मशीन्स आर हॉट’ असे लिहिले, की तो दुसऱ्या बाजूला वळतो. शेजारचा शब्द पुरला नाही तर शेजारचे वाक्य पाहावे, हा नियम मुले या एका उदाहरणावरून कायमचा शिकतात.

*सामान्यीकरण :* मुलांच्या तोंडून निघालेला निष्कर्ष त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावा. साधारणतः तो असा येईल : ‘शब्द एकटा असला तर त्याचा अर्थ पक्का नसतो. आधी शेजारचे शब्द पाहावे, मग शेजारचे वाक्य पाहावे, मग अर्थ सांगावा.’ शेवटी झाडाचे एक साधे चित्र काढावे. मुळाशी ‘जमिनीत पक्के बसवणे’ असे लिहावे आणि फांद्यांवर रोप, लावणे, कारखाना, केंद्र, रोवणे, लबाडीने ठेवणे असे अर्थ मांडावेत. यादीपेक्षा हे चित्र अधिक काळ स्मरणात राहते.

*उपयोजन :* ‘ऑक्सिजन प्लांट’ हे दोन शब्द लिहून अर्थ विचारावा. काही मुले वड किंवा पिंपळ असे उत्तर देतील, कारण झाडे ऑक्सिजन देतात हे ती विज्ञानात शिकलेली असतात. या उत्तराला हसू देऊ नये. ते विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे. मग सांगावे, की २०२१ साली करोनाच्या साथीत राज्यातील अनेक रुग्णालयांत ऑक्सिजन प्लांट उभारले गेले. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. या यंत्रसंचात हवा दाबाने एका विशिष्ट खनिजाच्या कणांतून नेतात. ते कण नायट्रोजन धरून ठेवतात व ऑक्सिजन पुढे जातो. झाड ऑक्सिजन निर्माण करते, तर हा प्लांट हवेतला ऑक्सिजन वेगळा काढतो. शब्दाचा पाठ येथे विज्ञानाच्या पाठाला येऊन मिळतो.

टाळावयाच्या चुका

पहिली चूक म्हणजे एकाच तासात सर्व अर्थ पाठ करून घेणे. सहावीच्या वर्गात पहिली चार वाक्ये पुरेशी आहेत. पाचवे व सहावे वाक्य सातवीत घ्यावे. व्युत्पत्तीचा भाग शिक्षकांसाठी आहे, मुलांकडून तो वदवून घेऊ नये.

दुसरी चूक अनुवादाची. “प्लांट म्हणजे वनस्पती किंवा कारखाना” असे वहीत लिहवून घेतले, तर एका चुकीच्या समीकरणाऐवजी दोन समीकरणे होतात, इतकेच. ‘किंवा’ या शब्दाने मुलाला निवड करता येत नाही. वहीत नेहमी पूर्ण वाक्य लिहवून घ्यावे आणि अर्थ त्या वाक्याखाली लिहवावा.

तिसरी चूक परीक्षेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. घटक चाचणीत ‘पुढील शब्दांचे अर्थ लिहा’ असा प्रश्न घालून नुसता शब्द देण्याची प्रथा आहे. असा प्रश्न ‘प्लांट’सारख्या शब्दाबाबत अन्याय करणारा ठरतो. ज्या मुलाने ‘कारखाना’ लिहिले त्याचा गुण कापण्याचा अधिकार परीक्षकाला उरत नाही, कारण प्रश्नातच वाक्य दिलेले नाही. म्हणून ‘अधोरेखित शब्दाचा या वाक्यातील अर्थ लिहा’ अशीच प्रश्नाची रचना असावी. एवढा बदल करण्यास खर्च काहीच येत नाही.

स्वाध्याय : शेत व कारखाना यांचे आणखी तीन शब्द

जालना परिसरात शेती व पोलाद ही शेजारी नांदतात. त्यामुळे दोहोंत चालणारे इंग्रजी शब्द येथे आणखीही सापडतात. पुढील तीन शब्दांवर शिक्षकांना असेच पाठ रचता येतील.

‘बेड’ : घरात पलंग किंवा अंथरूण. शेतात वाफा. मराठी शेतकरीही उंच केलेल्या वाफ्याला ‘गादीवाफा’ म्हणतो, म्हणजे निजण्याची कल्पना येथेही आहेच. रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळया ज्या लांब मांडणीवर निवण्यासाठी पसरतात, तो ‘कूलिंग बेड’. नदीचे पात्र तेही ‘बेड’.

‘ग्रेन’ : शेतात धान्य किंवा दाणा. धातू घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता जे बारीक स्फटिककण दिसतात, तेही ‘ग्रेन’. लाकडावरील रेषांनाही हाच शब्द लावतात.

‘यील्ड’ : शेतात एकरी उतारा. पोलादात, सळई ज्या ताणाला नमते व कायमची लांबू लागते, ती मर्यादा. सळईवर ‘एफई ५००’ असे लिहिलेले असते. त्यातील ५०० या आकड्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत ती नमत नाही, असा आहे. इंग्रजीत ‘यील्ड’ म्हणजे ‘देणे’ आणि ‘हार मानून वाट देणे’ असे दोन्ही अर्थ होतात. जमीन देते आणि सळई नमते. येथे मराठी ‘उतारा’ या शब्दाशी तुलना अवश्य करावी. एकरी उतारा, सातबाराचा उतारा, पुस्तकातील उतारा, विषावरचा उतारा. ही चारही वाक्ये मुलांच्या घरी रोज बोलली जातात.

मुलांना गृहपाठ म्हणून, घरी किंवा वाटेवर आढळलेला ‘प्लांट’ हा शब्द ज्या पाटीवर, पिशवीवर अगर बोलण्यात आला असेल, ते पूर्ण वाक्य लिहून आणण्यास सांगावे. बियाण्याच्या पिशवीवर तो सापडेल. औषध फवारणीच्या पत्रकावर ‘प्लांट प्रोटेक्शन’ असा सापडेल. पाण्याच्या टाकीजवळ सापडेल आणि वडिलांच्या ओळखपत्रावरही सापडेल. दुसऱ्या दिवशी ही सर्व वाक्ये एका मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावावीत. ज्या मुलाने मागील बाकावरून ‘कारखाना’ असे उत्तर दिले होते, त्याचे वाक्य त्या कागदावर सर्वांत वर असावे व ते त्याच्याकडूनच वाचून घ्यावे.